डोंगरावरची रात्रपाळी

शाळेत वेधशाळांविषयी बोलायला गेलं की एक प्रश्न हमखास येतो. “रात्रभर दुर्बिणीला डोळा लावून बसल्यावर झोप नाही का येत?” मग मागे बसलेल्या शिक्षकांपैकी कुणीतरी विचारतं, “दुर्बीण एक आणि शास्त्रज्ञ शेकडो. मग ती वापरायची कुणी, हे ठरवतं कोण?” दोन्ही प्रश्न एकाच माणसापाशी जाऊन थांबतात. बातमीत त्याचं नाव सहसा येत नाही. इंग्रजीत त्याच्या पदाला सपोर्ट ॲस्ट्रॉनॉमर म्हणतात. मराठीत ‘साहाय्यक खगोलशास्त्रज्ञ’ म्हणावं तर तो कुणाच्या तरी हाताखाली काम करणारा वाटतो, आणि तसा तो नसतो. म्हणून या प्रकरणात मी ‘रात्रपाळीचा खगोलशास्त्रज्ञ’ हेच नाव वापरणार आहे.

त्याचं काम समजून घ्यायला आपण दक्षिण अमेरिकेत, चिलीच्या अटाकामा वाळवंटातल्या सेरो पारानाल या डोंगरावर जाऊ. युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरी या संस्थेच्या चार प्रचंड दुर्बिणी तिथे एकमेकींशेजारी उभ्या आहेत. त्या सगळ्यांना मिळून ‘व्हेरी लार्ज टेलिस्कोप’ म्हणतात. पहिली दुर्बीण १९९८ साली डोळे उघडून आकाशाकडे पाहू लागली. चौघींना चिलीतल्या मापुचे लोकांच्या भाषेतली नावं आहेत: आंतू, कुएयेन, मेलिपाल आणि येपुन. म्हणजे सूर्य, चंद्र, त्रिशंकूचा तारकासमूह आणि शुक्र. एका शाळकरी मुलीचा निबंध स्पर्धेत पहिला आला आणि त्यानंतर ही नावं रुळली.

१. डोळा कुठे लावायचा?

कुठेच नाही. एवढ्या मोठ्या दुर्बिणीत डोळा लावायची सोयच नसते. आरशावर गोळा झालेला प्रकाश थेट उपकरणात जातो आणि तिथल्या अतिथंड ठेवलेल्या संवेदकावर पडतो. आपल्या डोळ्याला प्रकाश साठवता येत नाही, क्षणभरात जे दिसलं तेवढंच. संवेदक मात्र तासभर थेंब थेंब प्रकाश साठवत राहतो. डोंगरावरून पाऊस वाहून जातो आणि धरणात साठून राहतो, तसाच हा फरक आहे.

प्रत्येक दुर्बिणीचा मुख्य आरसा ८.२ मीटर रुंद आहे आणि जाडी अवघी साडेसतरा सेंटिमीटर. हे प्रमाण डोळ्यांपुढे आणायचं तर २५ सेंटिमीटरची भाकरी घ्या. त्या हिशेबात तिची जाडी पाच मिलिमीटर निघते. म्हणजे हा आरसा खरोखरच भाकरीच्या घाटाचा आहे, फक्त वजनाला वीस टनांच्या वर. दुर्बीण कलली की तो स्वतःच्याच वजनाने किंचित वाकतो. त्याला खालून दीडशे आधार दिलेले असतात. एका ताऱ्याची प्रतिमा सतत तपासून संगणक कोणत्या आधाराने किती रेटायचं हे ठरवतो आणि आरसा पुन्हा घाटात आणतो. रात्रभर हे चालू राहतं.

मग माणसं कुठे असतात? घुमटात तर कुणीच नसतं. शरीराच्या उबेने हवा हलते आणि दिव्याचा उजेड तर चालतच नाही. माणसं माथ्यापासून थोडं खाली, उतारावरच्या नियंत्रण कक्षात पडद्यांसमोर बसलेली असतात. प्रत्येक दुर्बिणीसाठी दुर्बीण आणि उपकरण चालवणारा तंत्रज्ञ असतो आणि कामाचा क्रम ठरवणारा खगोलशास्त्रज्ञ असतो.

२. डोंगरच कशाला?

हवा हा खगोलशास्त्रज्ञाचा मोठा शत्रू. जितकं उंच जावं तितकी डोक्यावरची हवा कमी आणि बाष्पही कमी. पारानालची उंची २६३५ मीटर आहे. मुळात तो याहून उंच होता, पण दुर्बिणींसाठी सपाट जागा करायला त्याचा सुमारे २८ मीटर माथा सुरुंग लावून उडवण्यात आला.

नुसती उंची मात्र पुरत नाही. पारानालपासून पॅसिफिक महासागर जेमतेम बारा किलोमीटरवर आहे. तिथला हम्बोल्ट प्रवाह थंड असल्याने किनाऱ्याजवळची हवा गार राहते, वरची हवा तिच्या मानाने उबदार असते आणि समुद्रावरचे ढग या उबदार झाकणाखालीच अडकून राहतात. संध्याकाळी माथ्यावरून पश्चिमेला पाहिलं तर ढगांचा पांढरा गालिचा आपल्या पायांच्या खाली पसरलेला असतो, आणि वरचं आकाश निरभ्र. अशा निरभ्र रात्री वर्षात तीनशेहून अधिक मिळतात. आपल्याकडे पुणे जिल्ह्यात गिरवलीला आयुका या संशोधन संस्थेची दोन मीटरची दुर्बीण आहे. पावसाळ्याचे महिने तिला डोळे मिटूनच काढावे लागतात. यावरून त्या तीनशे रात्रींचं मोल कळावं.

३. चिठ्ठ्या

आता शिक्षकांच्या प्रश्नाकडे वळू. जगभरातले शास्त्रज्ञ आपापल्या संशोधनासाठी दुर्बिणीचा वेळ मागतात. जितका वेळ उपलब्ध असतो त्याच्या कितीतरी पट मागणी असते. शास्त्रज्ञांच्याच समित्या अर्ज वाचतात, त्यांचा क्रम लावतात आणि बरेचसे अर्ज नाकारतात.

अर्ज मंजूर झालेला शास्त्रज्ञ स्वतः चिलीला जाऊ शकतो. काही कामांना तेच योग्य ठरतं. पण त्याला ठरावीक तारखेच्या दोन रात्री मिळाल्या आणि नेमक्या त्या दोन रात्री वारा सुटला, तर हात हलवत परत यावं लागतं. म्हणून बरंचसं काम दुसऱ्या पद्धतीने होतं. शास्त्रज्ञ घरीच राहतो आणि कामाच्या चिठ्ठ्या लिहून पाठवतो. एक चिठ्ठी साधारण तासाभराच्या कामाची. दुर्बीण कुठे वळवायची, कोणतं उपकरण, किती मिनिटं प्रकाश साठवायचा, हे सगळं तीत असतं. त्याखाली अटी असतात: चंद्र किती असलेला चालेल, पातळ ढग चालतील का, हवा किती स्थिर हवी.

खरं महत्त्व या अटींना आहे. लग्नघरातला आचारी जसा भटारखान्यात शिरल्या शिरल्या आधी जाळ पाहतो आणि मग कोणतं पातेलं कुठे चढवायचं ते ठरवतो, तसंच इथे असतं. जाळ आपल्या हातात नाही. आज जो जाळ मिळाला आहे त्यावर कोणता पदार्थ चांगला होईल, एवढंच आपण ठरवायचं.

चंद्राच्या अटीवरून एक गोष्ट आठवली. इतक्या आधुनिक वेधशाळेचं कॅलेंडर अजूनही तिथीवर चालतं. अंधुक दीर्घिकांची, विशेषतः निळ्या प्रकाशातली कामं अमावास्येच्या आसपासच्या रात्री मागतात, कारण चांदण्याने आकाश उजळलं की त्या त्यात बुडून जातात. अवरक्त प्रकाशाला चांदण्याचा फारसा त्रास होत नाही. म्हणून पौर्णिमेच्या रात्री तीच कामं काढतात.

४. थरथरणारं नाणं

हवेची स्थिरता ही अट समजल्याशिवाय पुढचं काही समजणार नाही, म्हणून इथे थोडं थांबू. पाण्याच्या हौदात नाणं टाका. पाणी निवांत असेल तर नाण्यावरचा आकडा वाचता येतो. पाणी ढवळलं की नाणं थरथरतं आणि मोठं, पसरट दिसतं. ताऱ्याचा प्रकाश वातावरणातून येताना हेच होतं. आपण ज्याला ‘तारे लुकलुकणं’ म्हणून गाणी गातो, त्यानेच वेधशाळेतल्या माणसाचा जीव टांगणीला लागतो.

हा पसरटपणा मोजायचं एकक पंचांगवाल्यांच्या ओळखीचं आहे. अंशाचे साठ भाग म्हणजे कला आणि कलेचे साठ भाग म्हणजे विकला. एक विकला किती लहान? दोन सेंटिमीटरचं नाणं मुंबईच्या मरीन ड्राइव्हच्या एका टोकाला ठेवा आणि दुसऱ्या टोकावरून पाहा. ते साधारण एका विकलेएवढं दिसेल, म्हणजे दिसणारच नाही. पारानालवर चांगल्या रात्री तारा अर्ध्या-पाऊण विकलेत मावतो.

याचा हिशेब सोपा आहे. समजा, तारा ०.६ विकलेचा ठिपका म्हणून दिसतोय. मग हवा बिघडली आणि तो १.२ विकलांचा झाला. व्यास दुप्पट झाला तर क्षेत्रफळ चौपट होतं. ताऱ्याचा प्रकाश तेवढाच आहे, पण आता तो चौपट जागेत पसरला आणि त्या जागेतला आकाशाचा स्वतःचा मंद उजेडही चौपट मिसळला. अंधुक ताऱ्यासाठी आधीइतकीच स्पष्टता हवी असेल तर साधारण चौपट वेळ द्यावा लागतो. पंधरा मिनिटांचं काम तासावर जातं. चुकीच्या वेळी चुकीची चिठ्ठी उचलली की पाऊण तास पाण्यात गेला, आणि तोही कुण्या दुसऱ्याचा.

येपुन या दुर्बिणीवर हवेशी झगडायची आणखी एक युक्ती आहे. २०१६ पासून तिच्यावरून चार लेझर किरण आकाशात सोडले जातात. उल्कांच्या राखेतून आलेल्या सोडियमचा एक विरळ थर जमिनीपासून सुमारे ९० किलोमीटरवर आहे. लेझरने तो थर पेटतो आणि तिथे चार कृत्रिम तारे तयार होतात. त्यांचा रंग आपल्या रस्त्यांवरच्या जुन्या सोडियम दिव्यांसारखाच पिवळा असतो, कारण मूलद्रव्य तेच. हे तारे कसे थरथरतात ते मोजून एक पातळ आरसा सेकंदाला शेकडो वेळा उलट बाजूने वाकवला जातो आणि थरथर बरीचशी पुसली जाते.

५. रात्री दोन वाजता

समजा, आज येपुनच्या शेजारच्या दुर्बिणीवर रात्रपाळीच्या एका खगोलशास्त्रज्ञ स्त्रीची पाळी आहे. सूर्यास्ताला घुमट उघडला. संधिप्रकाशात चाचण्या झाल्या. पहिल्या चार चिठ्ठ्या ठिपका ०.६ विकलेचा असताना निर्वेध पार पडल्या. आता दोन वाजले आहेत. हवा मोजणारी एक छोटी दुर्बीण माथ्यावर सतत चालू असते. तिचा आलेख गेली वीस मिनिटं वर चढतो आहे: ०.७, ०.९, १.१. उत्तरेचा वारा वाढलाय, सेकंदाला ११ मीटर. तो १२ झाला की वाऱ्याच्या तोंडाकडे दुर्बीण वळवायची नाही, १८ झाला की घुमट बंद, असा नियम आहे.

तिच्यासमोर तीन चिठ्ठ्या आहेत. पहिली दूरच्या एका दीर्घिकेची. समितीने हिला सगळ्यांत वरचा क्रम दिलाय, पण अट आहे ०.८ विकला. दुसरी एका ठळक ताऱ्याच्या वर्णपटाची, म्हणजे त्याचा प्रकाश रंगांत फोडून पाहण्याची. हवा कशीही असली तरी चालेल, घाईही नाही. तिसरी एका परग्रहाची. ग्रह आपल्या ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचा प्रकाश किंचित घटतो, तो टिपायचाय. हे ग्रहण दोन चाळीसला सुरू होणार, पाचला संपणार. आज चुकलं तर पुन्हा योग्य वेळी, रात्रीच्या योग्य प्रहरी आणि डोक्यावर उंच असताना ते कधी मिळेल, सांगता येत नाही.

नवखा माणूस पहिल्या चिठ्ठीकडे ओढला जातो. क्रमांक एकची चिठ्ठी आहे, हवा सुधारेलही. ती मात्र पहिली बाजूला ठेवते. तिसरीची अट वाचते, १.२ विकलांपर्यंत चालेल असं लिहिलंय. ग्रह आकाशात कुठे आहे ते पाहते. दक्षिणेला, म्हणजे वाऱ्याकडे पाठ. मग उंची. तारा ठीक डोक्यावर असला की त्याचा प्रकाश हवेचा एक थर ओलांडून येतो, डोक्यापासून ६० अंश खाली असेल तर तिरक्या वाटेने दोन थर ओलांडावे लागतात. हा तारा पाचपर्यंत दीड थरांच्या आत राहणार आहे. ठरलं. पण दोन चाळीसला अजून वेळ आहे. मधल्या अर्ध्या तासात दुसऱ्या चिठ्ठीचं वीस मिनिटांचं काम उरकून घेता येतं. एवढा सगळा विचार दीड-दोन मिनिटांत होतो, आणि होतोय तेवढा वेळ दुर्बीण रिकामी उभी असते.

मग अगदी साधं वाटणारं पण काळजाचा ठोका चुकवणारं काम येतं: नेमका तोच तारा आहे ना? शास्त्रज्ञाने चिठ्ठीसोबत आकाशाच्या त्या तुकड्याचा नकाशा पाठवलेला असतो. पडद्यावर दुर्बिणीने आत्ता टिपलेलं चित्र. दोन्हीत उत्तर वर आहे का, पूर्व डावीकडे आहे का, हे आधी बघायचं. मग नकाशावरचा त्रिकोण शोधायचा. दोन ठळक तारे, एक अंधुक, आणि त्यांच्या मधोमध हवा असलेला ठिपका. तो वर्णपटमापकाच्या फटीत बसवायचा. ही फट एखाद-दुसऱ्या विकलेची. शेजारच्याच ताऱ्याला आपला तारा समजून कुणी दोन तास प्रकाश साठवला तर संख्या छान दिसतात, आलेखही सुंदर येतो. फक्त तो भलत्याच ताऱ्याचा असतो. म्हणून तंत्रज्ञ एकदा मिळवून बघतो, ती एकदा बघते, दोघं मोठ्याने एकमेकांना सांगतात आणि मगच झडप उघडते.

काम संपलं की प्रत्येक चिठ्ठीला शेरा द्यायचा. सगळ्या अटी पाळल्या गेल्या तर ‘ए’, किंचित सुटल्या तर ‘बी’, मोडल्या तर ‘सी’, आणि ‘सी’ मिळालेलं काम पुन्हा करायचं. शेवटच्या दहा मिनिटांत हवा अटीबाहेर गेली तर काय? ‘सी’ म्हटलं तर दुर्बिणीचा आणखी एक तास जाणार, ‘ए’ म्हटलं तर दूर कुठेतरी एक शास्त्रज्ञ पुरेशा चांगल्या नसलेल्या आकड्यांवर विसंबणार. केलेलं काम आपलंच आणि शेराही आपणच द्यायचा. या कामातली सचोटी मला इथे सगळ्यांत जास्त दिसते.

६. तराजूचा पासंग

जुन्या दुकानात तराजूची पारडी रिकामी असतानाच एक बाजू झुकत असे. मग दुसऱ्या बाजूला पासंग लावायचा आणि नंतरच धान्य मोजायचं. संवेदकाचंही तसंच आहे. झडप बंद ठेवून, प्रकाशाशिवाय चित्र घेतलं तरी तो काहीतरी आकडा दाखवतो. तो आकडा म्हणजे त्याचा पासंग. रोज मोजायचा आणि वजा करायचा.

दुसरी अडचण अशी की संवेदकावरच्या लाखो घरांपैकी काही घरं जास्त तल्लख, काही मंद. म्हणून सारखा उजेड असलेल्या गोष्टीचं चित्र घेतात, उदाहरणार्थ संधिप्रकाशातलं आकाश. समजा, एका घराने १०२० आकडा दिला, शेजारच्याने ९८०, आणि दोघांवर उजेड सारखाच, हजाराचा. मग पुढे रात्रभर पहिल्याच्या आकड्याला १.०२ ने भागायचं, दुसऱ्याच्या ०.९८ ने. या चित्रात वाटेतल्या काचेवरचे धुळीचे कणही दिसतात, मेदूवड्यासारखी वर्तुळं होऊन. आज एक वडा नवा उगवला असेल तर सकाळच्या पाळीला निरोप द्यायचा. हे काम कंटाळवाणं आहे आणि ते टाळता येत नाही.

७. अचानक आलेली वर्दी

काही चिठ्ठ्यांवर तारा कोणता हेच लिहिलेलं नसतं. ‘अमुक घडलं तर’ एवढंच असतं. १७ ऑगस्ट २०१७ ला असं घडलं. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या अमेरिकेतल्या लायगो आणि युरोपातल्या व्हर्गो या यंत्रणांनी दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याची खूण पकडली. चिलीत तेव्हा सकाळ होती. दिवसभर वाट पाहण्यावाचून इलाज नव्हता. लहरींवरून जागा कळली होती ती सुमारे २८ चौरस अंशांची. पौर्णिमेचा चंद्र जेमतेम ०.२ चौरस अंश जागा व्यापतो. म्हणजे १४० पूर्णचंद्र मावतील एवढ्या जागेत एक नवा ठिपका शोधायचा, आणि तोही सूर्यास्तानंतर थोड्याच वेळात, कारण तो भाग लगेच मावळणार होता.

चिलीतल्याच लास कॅम्पानास वेधशाळेतल्या एका मीटरच्या छोट्या दुर्बिणीला तो ठिपका आधी सापडला. वासुकी तारकासमूहातल्या, १३ कोटी प्रकाशवर्षं दूर असलेल्या दीर्घिकेत. त्यानंतरचे दिवस पारानालवरच्या रात्रपाळीने रोज संध्याकाळी आधी ठरलेलं काम बाजूला सारून, संधिप्रकाश पुरता विझायच्या आत, त्याचे वर्णपट घेतले. ठिपका निळ्याचा लाल होत विझत गेला. २०१९ साली त्याच वर्णपटांचा पुन्हा बारकाईने अभ्यास झाला आणि त्यांत स्ट्राँशियमची खूण मिळाली. दिवाळीच्या फुलबाजीला आणि आकाशबाणाला लाल रंग देणारं हे मूलद्रव्य अशा टकरींत घडतं, याचा तो थेट पुरावा होता.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहत आहे. गुरुत्वीय लहर पृथ्वीवर जितक्या दूरदूरच्या ठिकाणी टिपली जाईल तितकी तिची दिशा नेमकी कळते. ती यंत्रणा सुरू झाली की डोंगरावरच्या लोकांना शोधावी लागणारी जागा आणखी आक्रसेल. लडाखमध्ये हान्लेला आयआयटी मुंबई आणि भारतीय ताराभौतिकी संस्था यांची ०.७ मीटरची ग्रोथ-इंडिया दुर्बीण आहे. तिचं कामच मुळी अशा अचानक पेटणाऱ्या गोष्टींच्या मागे धावणं. हान्लेची उंची साडेचार हजार मीटर. तिथेच असलेल्या दोन मीटरच्या हिमालयन चंद्र दुर्बिणीचे वेध बंगळुरूजवळच्या होसकोटेहून, उपग्रहाच्या दुव्याने घेतले जातात. पण खुर्ची खाली मैदानात आली म्हणून काम बदललं नाही. ढग आले तर थांबायचं की जागा बदलायची, हे तिथेही कुणालातरी ठरवावंच लागतं.

८. दिवसाची झोप

रात्री पारानालवर मोटारी फक्त बारीक दिव्यांवर, हळूहळू चालतात. राहण्याची इमारत अर्धी जमिनीत आहे. तिच्या मध्यावरच्या काचेच्या घुमटाखाली बाग आणि छोटा तलाव आहे. वाळवंटात हिरवा रंग बघायला मिळावा, कोरड्या हवेत थोडा ओलावा मिळावा, म्हणून. अंधार पडला की तो घुमटही आतून झाकून घेतात, उजेड बाहेर जाऊ नये यासाठी. पाणी टँकरने येतं.

पाळी संपताना ती रात्रीची नोंद पूर्ण करते: किती वाजता हवा बिघडली, कोणत्या चिठ्ठीला कोणता शेरा, नवा वडा कुठे दिसला. मोजलेले आकडे तोवर जर्मनीतल्या गार्खिंगला पोहोचलेले असतात. ज्याची चिठ्ठी होती त्याला ते मिळतात, आणि साधारण वर्षभराने जगातल्या कुणालाही. एखाद्या महाविद्यालयातल्या विद्यार्थिनीलाही ते उतरवून घेऊन वापरता येतात.

मग घुमट बंद होतो आणि दिवसाची पाळी आतली हवा गार करायला लागते. आरसा बाहेरच्या हवेपेक्षा गरम राहिला तर उन्हाळ्यातल्या डांबरी रस्त्यासारखी त्याच्यावरची हवा थरथरते. म्हणून येत्या रात्रीचं तापमान किती असेल याचा अंदाज घेऊन दिवसाढवळ्या आतलं तापमान तेवढंच ठेवतात. बाहेर वाळवंट तापत असतं. खाली, जाड पडदे ओढलेल्या खोलीत ती झोपलेली असते. वर बंद घुमटात आरसा आत्ताच रात्रीइतका गार झालेला असतो.